टाकीवरची गोधडी

२८ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

आधीच सांगते, तक्रार तीर्थाबद्दलचीच आहे.

आपला जुना गीझर बुडातून फुटला आणि बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत तळं झालं. आलोचने नवा बसवला. आलोच म्हणजे आमचा नळवाला. बोलावलं की "आलोच" म्हणतो आणि आठवड्याने उगवतो, म्हणून आईने त्याचं हे नाव ठेवलंय. नवा गीझर भिंतीवर टांगलाय, पोस्टाच्या पेटीएवढा. त्याला टाकी नाही. नळ सोडला की आत भडका होतो आणि पाणी जाता जाता तापतं. "आता गरम पाणी संपायचंच नाही ताई," असं आलोच छाती फुगवून सांगून गेला. त्यातलं निम्मं खरं निघालं. पाणी संपत नाही, पण ते गरमही नसतं.

इथे थंडी अशी पडली आहे की गच्चीवरच्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरते. नळ पूर्ण सोडला तर पाणी कोमट येतं. बारीक केला तर बरं येतं. अजून थोडा बारीक केला की आतली ज्योत फप्पकन विझते आणि बर्फाचं पाणी सुरू होतं. हे मला कसं कळलं? रविवारी आईच्या डोक्यावर ओतताना. ती ओरडली नाही. नुसती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एरवी, ती पडल्यापासून तिला मी ओल्या फडक्यानेच पुसते, हे तुला माहीत आहे. त्यावर रोज भांडण. "मला पुसतेस काय, मी कपाट आहे का?" तिला डोक्यावरून आंघोळ हवी आहे. कढत पाण्याची, तांब्याने, केस मोकळे सोडून. दुसरं काही मागत नाही. गॅसवर पातेली तापवून उचलून न्यावीत, तर मागे मोडलेल्या मनगटाने माझ्याच्याने भरलेलं पातेलं उचलवत नाही. एकदा प्रयत्न केला आणि पाय भाजता भाजता वाचला. त्यावरही बोलणी खाल्ली. माझ्या पायांवर तिचा फार डोळा असतो. गार फरशीवर अनवाणी फिरते म्हणून रोज मोजे घाल, मोजे घाल चालू असतं. बाथरूममध्ये मोजे घालून कोण जातं, तूच सांग.

फोन का नाही केला म्हणशील. अरे, कारखान्यातल्या पत्र्यांनी तुझे कान नेले. मी फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की शेजारीण दार वाजवून विचारते, कोण गेलं म्हणून. वहिनीला मध्ये घातलं तर तू तिच्यावरच खेकसतोस. म्हणून हे पत्र.

जन्मभर तू लोकांचं पाणी तापवलंस. आता आईचं तापवून दे.

तुझी बारकी

९ डिसेंबर

बारके,

पत्र वाचून हसत होतो, ते आईच्या डोक्यावर गार पाणी पडलं तिथे हसू विरलं.

गीझरला शिव्या देऊ नकोस. तो बिचारा आपल्या ताकदीने राबतोय. येणाऱ्या पाण्यात तो ठरावीक गरमी घालतो, त्याच्यापलीकडे त्याच्याच्याने होत नाही. उन्हाळ्यात पाणी नळीतच अर्धं तापून येतं, म्हणून कढत निघतं. आता ते बर्फातून उठून येतंय. मोठा गीझर बसवता येईल, पण तुमच्या गल्लीतली गॅसची नळी मला ठाऊक आहे, बोरूच्या टाकाएवढी. तिला तो झेपायचा नाही. तेव्हा गीझरचं बळ वाढत नसेल तर पाण्याचा गारठा आधीच थोडा मोडायचा.

आता नीट वाच. आईच्या खोलीतला हीटर रात्रंदिवस चालू असतो ना? घरातली सगळी ऊब त्या एका खोलीत. तिथे पलंगाच्या पायथ्याशी एक पत्र्याची टाकी उभी कर, चांगली तुझ्या छातीएवढी. गच्चीवरचं पाणी थेट गीझरकडे जाऊ द्यायचं नाही. ते खालून या टाकीत शिरेल, वरून बाहेर पडेल आणि भिंतीपलीकडे गीझरला जाईल. टाकीत वायर नाही, ज्योत नाही, काही नाही. पाणी नुसतं रात्रभर आईच्या खोलीत बसून राहील. खोलीत बसलं की खोलीसारखं होत जाईल. सकाळी गीझरला बर्फाऐवजी माणसाळलेलं पाणी मिळेल आणि तो ते कढत करून देईल. आलोचसाठी सोबत चित्र काढून देतो. खालून आत, वरून बाहेर, हे त्याच्या टाळक्यात बसव. उलटं केलंस तर सगळं मुसळ केरात.

माझं म्हणशील तर छातीतली झडप गळते आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या झडपा बदलल्या, आता माझीच बदलायची आहे. डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. जिना चढलो तरी तुझी वहिनी रागावते. एरवी मी पाना घेऊन स्वतः आलो असतो आणि त्या आलोचला दोन गोष्टी शिकवल्या असत्या. आता कागदावरच टाकी बसवतोय. आईसाठी इथून मला दुसरं काही करता येत नाही, एवढं एकच येतं. तिला सांग, ही आंघोळ माझ्याकडून. डोक्यावरून, तांब्याने, ती पुरे म्हणेपर्यंत.

आणि मोजे घाल.

दादा

२१ डिसेंबर

प्रिय दादा,

टाकी आली. दारातून आत येईना, तेव्हा आलोचने दाराची बिजागरंच काढली. आईने पलंगावरून विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, दादाने पाहुणी पाठवली आहे. "बाई बरी उंच आहे," म्हणाली. खालून आत, वरून बाहेर, सगळं तुझ्या चित्राप्रमाणे. आलोच चित्र खिशात घालून घेऊन गेला, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवतो म्हणे.

आता खरं सांगू? फरक काहीच पडला नाही. असलाच तर उन्नीस-बीस. पहिल्या दिवशी पाणी हाताला बरं लागलं, म्हणून आशेने बादली भरायला लावली. दुसऱ्या दिवशीपासून जैसे थे. मी आईला खुर्चीत बसवते, नळाखाली हात धरते आणि परत पलंगावर नेऊन पुसते. काल पुसून झाल्यावर आई म्हणाली, "त्याला लिहू नकोस हं, वाईट वाटेल."

तरी मी लिहितेच आहे, कारण तुला वाईट वाटलं तर डोकं चालवशील.

टाकीची आम्ही काळजी चांगली घेतो. आईला ती उघडी उभी राहिलेली बघवेना. पत्र्याला हात लावून म्हणाली, "किती गार पडली आहे ही, घाला काहीतरी अंगावर." स्वतःच्या अंगावरची जाड गोधडी काढून दिली. मी आणि आलोचने मिळून ती टाकीला गुंडाळली आणि वरून दोरीने बांधली. आलोचही म्हणाला, टाक्यांना गुंडाळतातच. आता आईला हलकी चादर पांघरून झोपावं लागतं, पण ऐकत नाही.

शिवणाचं मशीन आईच्या खोलीतच आहे, तिथल्या उबेत बोटं चालतात म्हणून. मी शिवत असते, ती टाकीशी बोलत असते. मध्येच मला विचारते, हिला चहा द्यायचा का.

तुझ्या झडपेची तारीख कळव.

बारकी

२ जानेवारी

बारके,

गोधडी काढ! हे पत्र वाचून पुरं व्हायच्या आधी काढ, मग पुढचं वाच.

काढलीस? आता ऐक. गोधडी ऊब देत नाही गं. ती फक्त आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. माणूस आतून गरम असतो म्हणून त्याला गोधडी लागते. ही टाकी आतून बर्फ आहे. तिला गुंडाळलंस म्हणजे तिच्यातला गारठा जपून ठेवलास आणि खोलीच्या उबेला दार बंद केलंस. आलोचने ज्या टाक्या पाहिल्या त्यात तापवलेलं पाणी असतं, त्या गुंडाळायच्याच असतात. ही उघडी हवी. जितकी उघडी तितकी बरी. तिच्यासमोर खुर्ची, कपाट, काही ठेवू नकोस.

यात चूक माझीच. उघडी ठेव असं लिहायला हवं होतं. पण आईला समोर उघडं, गारठलेलं काही दिसलं आणि तिने पांघरूण घातलं नाही असं कधी झालंय का? मी लहानपणी खिडकीत सायकलचा पंप ठेवला होता, त्यालासुद्धा तिने रुमाल बांधला होता.

आणखी एक. गोधडी काढलीस की टाकीला घाम फुटेल. घाबरू नकोस, गळत नाहीये. खोलीतली हवा उबदार असते, तुमच्या श्वासांची, चहाच्या वाफेची, वाळत घातलेल्या कपड्यांची. ती ओल गार पत्र्यावर बसते आणि खाली ओघळते. खाली एक ताट ठेव आणि रोज ओत. ताटात पाणी साचतंय म्हणजे खोली उबदार आहे आणि टाकी काम करते आहे, इतकं सोपं.

आईला म्हणावं, गोधडी तुझ्या अंगावर घे. पाहुणीला थंडी वाजत नाही.

दादा

१४ जानेवारी

दादा, दादा, दादा!

कढत! हात भाजेल इतकं! नळ पूर्ण सोडला तरी! मी बाथरूममधूनच ओरडले आणि आईला वाटलं मी घसरून पडले.

गोधडी काढताना आई हिरमुसली. "त्याला काय कळतंय, तो तिथे बसलाय," म्हणाली. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, हे तिने दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. लहानपणीसुद्धा शहाणाच होता, फक्त शेंबूड पुसायचा नाही." हे तुझ्या माहितीसाठी.

आणि तू म्हणालास तसा टाकीला घाम फुटला. ताट सकाळ-संध्याकाळ ओतते. आई म्हणते, रडते आहे बिचारी, माहेरची आठवण येत असेल. मी सांगितलं, आई, तुझ्या खोलीची ऊब खाऊन ती पाणी तापवते. तर ती म्हणाली, "म्हणजे मी अजून कुणाच्या उपयोगी पडते तर." मी मशीनवर मान खाली घालून शिवत राहिले.

सध्या रोज तिचे पाय आणि हात गरम पाण्यात धुते. डोक्यावरून आंघोळ मात्र लगेच नाही घातली. तिला थोडा खोकला आहे आणि आभाळ भरलेलं आहे. केस वाळायला ऊन हवं. एक चांगला दिवस उजाडला की घालते. ती रोज सकाळी उठून पडदा बाजूला करायला लावते आणि आभाळ बघते.

बारकी

२५ जानेवारी

बारके,

तुझी ती तीन दादांची हाक वाचली आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली. मोठ्याने म्हणजे मला ऐकू येईल इतक्या. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

तारीख ठरली, २४ फेब्रुवारी. झडप बाहेरची आहे म्हणे, बनावट चांगली आहे. मी सर्जनला विचारलं, खालून आत वरून बाहेर आहे ना? त्याला कळलं नाही.

भीती वाटते. हे फक्त तुला लिहितोय. टेबलावर झोपायच्या आधी मला एक गोष्ट कळायला हवी, आईची आंघोळ झाली की नाही. झाली असेल तर लगेच लिही. कशी झाली तेही लिही. उन्हाळ्यात झडप ठणठणीत झाली की मी येणारच आहे, पण मधल्या काळाचा काही भरवसा नाही. माझा नाही, तिचाही नाही. आपण मोठी माणसं आहोत, बोलायला हरकत नाही.

आईला म्हणावं, शेंबूड आता रोज पुसतो.

दादा

१३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. शिवणाची गर्दी होती.

इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. जेवण बरं आहे. तुझी आठवण काढते. तू तिची काळजी न करता तुझ्या तब्येतीकडे बघ. डॉक्टर सांगतील तसं वाग आणि वहिनीला त्रास देऊ नकोस.

आंघोळीचं विचारलंस. झाली. तिला बरं वाटलं.

एक तक्रार आहे. पाणी परत कोमट यायला लागलंय. आलोचने गीझर उघडून साफ केला, जाळी धुतली, तरी तेच. टाकी आहे तशीच आहे, गोधडी घातलेली नाही. खालचं ताटही आता कोरडं ठणठणीत असतं, ओतायचा त्रास वाचला, तेवढं एक बरं झालं. गीझरमध्येच काही बिघडलं असेल का? तुझं सगळं आटपलं की सवडीने सांग, घाई नाही.

अक्षर वेडंवाकडं आलंय. मशीन बाहेरच्या खोलीत आणलंय आणि तिथे बोटं आखडतात.

ऑपरेशन छान होणार आहे. मला खात्री आहे.

तुझी बारकी

१६ मार्च

बारके,

झडप बसली. टिकटिक करते म्हणे, मला ऐकू येत नाही हे एक बरं. छातीला टाके आहेत, खोकताना उशी धरावी लागते. आज पहिल्यांदा टेबलाशी बसून लिहितोय.

तुझं पत्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात पडलं. वहिनी पाकीट घेऊन आली तेव्हा फार हसत होती. मी वाचलं आणि पाणी कोमट का येतंय ते मला समजलं. गीझर चांगला आहे. आलोचला उगाच त्रास दिलास.

ताट कोरडं आहे म्हणजे खोली गार आहे. तू बोटं आखडेपर्यंत बाहेर बसून शिवतेस म्हणजे त्या खोलीत बसवत नाही. आणि आई त्या खोलीत असती तर हीटर बंद झाला नसता. तुझ्या अंगावरचं विकून तू तो चालू ठेवला असतास. आणखी काय लिहू? एवढं कळायला मला कान लागत नाहीत.

वहिनीने विचारलं, काय म्हणते बारकी? मी म्हटलं, पाणी कोमट येतंय म्हणते. ती म्हणाली, अगंबाई, परत का, आणि खिडकीपाशी गेली. पाठमोरी उभी राहून पडदा सारखा करत राहिली, करतच राहिली. तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत आहे, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. मग मीही काही बोललो नाही. तिने इतके दिवस ते एकटीने पोटात ठेवलं होतं, आदल्या रात्री कशाला फोडायचं? पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि सकाळी हॉस्पिटलच्या माणसांबरोबर ऑपरेशनला गेलो. भूल देणाऱ्याने विचारलं, मनात काही आहे का? मी म्हटलं, ऐकू येत नाही.

घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. टाके दुखेपर्यंत रडलो. डॉक्टर रागावले.

आता तू मला सगळं लिही. कधी गेली, कशी गेली. आता माझ्यापासून लपवायचं कारण नाही.

दादा

२७ मार्च

दादा,

तुझं पत्र घेऊन मी आईच्या खोलीत जाऊन बसले. तिथे इतकी गार झाले की उठवेना.

आई ६ फेब्रुवारीला गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. आलोच त्या दिवशी कुणी न बोलावता आला, गल्लीत कळलं म्हणून. आईला बाहेर न्यायला दाराची बिजागरं त्याने परत काढली. लगेच असा तो पहिल्यांदाच आला.

वहिनीला मी त्याच दिवशी फोन केला. ती म्हणाली, त्यांचं ऑपरेशन होईपर्यंत एक अक्षर नको, हृदय सोसणार नाही. नेहमीसारखं पत्र लिहा. काहीतरी तक्रार असू द्या त्यात, तक्रार नसली तर त्यांना संशय येईल. मला तक्रार सुचेना. आई नसताना मला कशाचीच तक्रार नव्हती. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पाणी खरंच कोमट आलं. म्हटलं, चला, ही मिळाली तक्रार. ते का कोमट आलं याचा विचारच डोक्यात आला नाही. हीटर मीच बंद केला होता, त्या खोलीचं दार मीच लावून घेतलं होतं, आणि मीच आलोचला बोलावून गीझर साफ करून घेतला. मूर्ख ती मूर्खच.

पण लपवायचं कारण नुसतं ऑपरेशन नव्हतं. ते झाल्यावरही मी तुला लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता सांगते. २९ जानेवारीला ऊन पडलं. लख्ख ऊन. आईने पडदा ओढायला लावला आणि माझ्याकडे बघितलं. खोकला पूर्ण गेला नव्हता. मला माहीत होतं. तरी मी तिला आंघोळ घातली, डोक्यावरून. दोन दिवसांनी ताप चढला आणि तो छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, या वयात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे कधीतरी होणारच असतं, आंघोळीने झालं असं नाही. ते असंच म्हणणार. मला वाटतं, मी थांबले असते तर ती आज असती. आणि तू म्हणशील, टाकी मी सांगितली, आंघोळ माझ्याकडून होती, म्हणजे आईला मीच मारलं. नवी झडप घेऊन तू हे म्हणत बसावंस असं मला नको होतं.

तुझं जानेवारीचं पत्र तापात आलं. शेंबूड रोज पुसतो, हे तिच्या कानाशी वाचलं. तिला कळलं असावं. हसल्यासारखं तोंड केलं.

त्या खोलीत मला आता परत जाववत नाही. टाकी तिथे एकटी उभी आहे.

बारकी

५ एप्रिल

बारके,

मन शांत ठेवून वाच.

आंघोळीने झालं की नाही, मला माहीत नाही. तुलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. मी नळ्यांचा माणूस, फुप्फुसाचं मला काय कळतं? कदाचित झालंही असेल, खोटं कशाला बोलू. पण ते तुझ्या एकटीच्या पदरात बांधून घेऊ नकोस. आंघोळ माझ्याकडून होती, निम्मा भार माझा, आणि मी तो घेतला आहे. नवी झडप तेवढ्यासाठीच आहे असं समज. आणि राहिलेला निम्मा आईचा. पडदा कुणी ओढायला लावला? तिला तू लहान मूल समजू नकोस. तिला खोकला माहीत होता, ऊनही माहीत होतं आणि तिचं वयही माहीत होतं. तिने आंघोळ मागितली. तू तिला नाही म्हणाली नाहीस. पूर्ण हिवाळा तिने तुला फडक्याने पुसू दिलं, त्याची तेवढी तरी परतफेड व्हायला हवी होती.

आता दोन कामं सांगतो. पहिलं, आजच्या आज त्या खोलीतला हीटर लाव. पाण्यासाठी नाही, तुझ्यासाठी. मशीन आत घे. शिवणाऱ्या बाईने बोटं आखडेपर्यंत बसायचं नसतं. टाकी असू दे तिथे, सोबतीला.

दुसरं. तू लिहिलंस, आंघोळ घातली, डोक्यावरून. आणि पुढे लगेच ताप लिहिलास. मधलं सगळं गिळलंस. मला ते मधलं हवं आहे. मी इथे कागदावर टाकी बसवली, तिथे ती चालली की नाही मी पाहिलं नाही. मध्येच ज्योत विझली का? पाणी गार झालं का? की ती पुरे म्हणेपर्यंत, अगदी शेवटच्या तांब्यापर्यंत कढत राहिलं? त्याच एका गोष्टीसाठी मी विचारतोय. खरं असेल तेच लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, तुझं खोटं मला आता ओळखता येतं.

दादा

१४ एप्रिल

दादा,

हीटर लावला. हे पत्र त्याच खोलीतून लिहितेय. सकाळी टाकीला घाम आला आणि मी ताट ओतायला उठले, सवयीने.

मधलं लिहिते.

तिला खुर्चीत बसवलं, केस सोडले. नळ पूर्ण सोडून बादली खाली ठेवली. पाणी वाहतच होतं आणि मी तांब्याने ओतत होते. पहिला तांब्या डोक्यावर पडला तेव्हा तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला, लहान मुलीसारखा. मी विचारलं, पुरे? म्हणाली, अजून एक. पुन्हा विचारलं, अजून एक. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. सगळं बाथरूम वाफेने भरलं होतं आणि मला तिचा चेहराही धड दिसत नव्हता, नुसतं "अजून एक" ऐकू येत होतं. ज्योत एकदाही विझली नाही. मध्ये एकदा म्हणाली, "त्याला लिही, पाणी छान आहे." ते मी तुला लिहिलं नव्हतं, माफ कर.

मग म्हणाली, आता शेवटचा. मी तांब्या भरला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. तिच्या हातात तेवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मला वाटलं, स्वतःच्या हाताने घ्यायचा असेल. तिने खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं. मी अनवाणी उभी होते, गार फरशीवर, नेहमीसारखी. तो तांब्या तिने माझ्या पायांवर ओतला, हळूहळू, आधी एका पायावर, मग दुसऱ्या.

कढत होता, दादा.

तुझी बारकी